प्रश्न तुमचे: पेशीला क्लॉक असतो का?

मागच्या अंकात या सदरात बूलियन जाळ्यांची ओळख करून दिली होती. ज्यांच्या हाती तो अंक पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जाळ्यातला प्रत्येक घटक एकतर चालू (१) नाहीतर बंद (०). प्रत्येकाला एक नियम दिलेला, आपल्याशी जोडलेल्या घटकांकडे बघून पुढे चालू व्हायचं की बंद ते सांगणारा. जाळं फिरत फिरत शेवटी ज्या अवस्थेत किंवा अवस्थांच्या चक्रात अडकतं, तो त्याचा अट्रॅक्टर. लेखानंतर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकाच जागी बोट ठेवलंय. नियम सगळ्यांनी क्लॉकच्या, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक घड्याळाच्या, टिकला एकदम पाळायचे, म्हणजे सिंक्रोनस, की एकेकाने, म्हणजे असिंक्रोनस? पाच पत्रं निवडली आहेत, प्रत्येकाखाली माझं उत्तर.

मॅडम, मी पुण्यात एम.एस्सी. बायोइन्फर्मॅटिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टची सुरुवात दोन जनुकांच्या जाळ्याने केली. अ चालू असेल तर ब बंद होतं आणि ब चालू असेल तर अ बंद. सिंक्रोनस चालवलं की तीन अट्रॅक्टर येतात, असिंक्रोनस चालवलं की दोनच. गाइड म्हणतात, एक काय ते ठरव. कुठलं खरं धरू?

दोन धर. पण माझ्या सांगण्यावरून नको, कागदावर करून बघ. दोन जनुकांसाठी कॉम्प्युटर लागत नाही.

अवस्था चारच आहेत: ००, ०१, १०, ११. पहिला आकडा अ चा, दुसरा ब चा. ०१ मध्ये ब चालू असल्यामुळे अ ला बंदच राहायचंय, आणि अ बंद असल्यामुळे ब ला चालूच राहायचंय. कुणालाच हलायचं नाही. १० ची गोष्ट तीच. आता ०० घे. अ ला दिसतं की ब बंद आहे, तेव्हा तो चालू व्हायला निघतो. ब ला अ बंद दिसतो, तोही निघतो. दोघं एकदम हलले की ११. तिथे दोघांनाही समोरचा चालू दिसतो, दोघंही बंद होतात, पुन्हा ००. हा तुझा तिसरा अट्रॅक्टर. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं वाट द्यायला म्हणून एकाच बाजूला सरकतात, मग दोघंही दुसऱ्या बाजूला, त्यातला प्रकार. बोळात हे दोनतीनदा होऊन संपतं, कारण कुणीतरी एक जण क्षणभर आधी हलतो. सिंक्रोनस नियमात 'क्षणभर आधी' ही गोष्टच नाही, म्हणून ती दोघं जन्मभर तिथेच.

असिंक्रोनस चालवताना ०० मधून एका वेळी एकच घटक हलतो. अ हलला तर १०, ब हलला तर ०१. दोन्हीकडे खेळ संपला.

माझं सगळं आयुष्य सांगलीत डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात गेलं, जनुकांकडे मी निवृत्तीनंतर वळले. तुझं हे जाळं बघितल्यावर मला ते जनुकांचं वाटलंच नाही. हा आमचा एसआर लॅच, एक बिट लक्षात ठेवणारं सर्किट! ७४०२ या आयसीतले दोन नॉर गेट (सगळे इनपुट ० असतील तरच १ देणारे), एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला. उरलेले दोन इनपुट एस आणि आर; ते दोन्ही १ केले की दोन्ही आउटपुट ० होतात. मग दोन्ही इनपुट एकदम ० वर आणले, की बरोबर तुझ्या ०० मध्ये येऊन उभे. पुस्तकात या जागी 'निषिद्ध' असं लिहून पुढे जातात. मी पुढे जाऊ देत नसे. ब्रेडबोर्डवर करून बघा म्हणायचे. एलईडी फडफडत वगैरे नाही, कुठल्यातरी एका बाजूला पडतो. आणि गंमत ही, की तीच आयसी बहुतेक वेळा त्याच बाजूला पडते. बनवताना दोन गेट हुबेहूब सारखे होत नाहीत, एक दुसऱ्यापेक्षा नॅनोसेकंदाच्या अंशाने चपळ असतो, आणि तेवढ्यावर निकाल लागतो. क्वचित दोघं इतके तुल्यबळ निघतात की लॅच मधल्याच व्होल्टेजवर घुटमळतो. त्याला मेटास्टेबल म्हणतात आणि चिप बनवणाऱ्यांची त्याने झोप उडवलेली आहे. पण तेही अखेर मिटतं. सिम्युलेटरमध्ये मात्र दोन्ही गेटचा डिले अगदी सारखा ठेवला, की ००, ११, ००, ११ असा छान चौकोनी आलेख निघतो आणि मुलं तो कौतुकाने जर्नलला चिकटवतात.

जीवशास्त्रात हीच रचना लॅम्डा नावाच्या विषाणूत आहे. तो ई. कोलाय जिवाणूत शिरतो. सीवन (cI) हे जनुक वरचढ ठरलं तर यजमानाच्या डीएनएत गुपचूप बसून राहतो, क्रो वरचढ ठरलं तर स्वतःच्या प्रती काढून जिवाणू फोडतो. दोघं एकमेकांना दाबतात. (खरं जाळं याहून बरंच मोठं आहे, हा त्याचा गाभा.) ब्रुसेल्सच्या रेने थॉमस यांनी १९७३ साली जनुकांच्या अशा जाळ्यांना बूलियन रूप दिलं ते असिंक्रोनस पद्धतीने. एखादं जनुक चालू झाल्यावर त्याचं प्रथिन साठायला वेळ लागतो, बंद झाल्यावर असलेलं प्रथिन विरायला वेगळा वेळ लागतो, आणि हे वेळ दर जनुकाचे निराळे. दोन जनुकं नेमकी एकाच क्षणी उंबरठा ओलांडतील हा अपवाद झाला, त्याला नियम कसं करायचं? २००० साली गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांनी एकमेकांना दाबणारी दोन जनुकं ई. कोलायमध्ये मुद्दाम बसवून दाखवली. दोनच स्थिर अवस्था मिळाल्या, आणि रसायन किंवा उष्णता देऊन एकीतून दुसरीत ढकलता आलं.

तर यातून पक्कं काय धरायचं? ०१ आणि १० दोन्ही पद्धतींत आले, तो योगायोग नाही. ज्या अवस्थेत प्रत्येकाचा नियम 'आहेस तसाच राहा' म्हणतो, तिथे आधी कुणाला विचारलं याने काहीच बिघडत नाही. म्हणून स्थिर बिंदू दोन्हीकडे तेच असतात, जाळं दोन जनुकांचं असो की दोनशेंचं. संशय घ्यायचा तो चक्रांचा.

पण संशय म्हणजे शिक्षा नव्हे. हे तुझ्या गाइडनाही दाखव. तीन जनुकं गोलात घे: अ दाबतो ब ला, ब दाबतो क ला, क दाबतो अ ला. सिंक्रोनस चालवलंस तर दोन चक्रं मिळतील. एक ०००, १११, ०००. दुसरं सहा अवस्थांचं: ००१, ०११, ०१०, ११०, १००, १०१ आणि परत ००१. आता असिंक्रोनस. ००० मधून कुणीही एक हलला की १००, ०१० किंवा ००१, म्हणजे थेट सहाच्या चक्रात. १११ चं तसंच. आणि त्या सहांपैकी प्रत्येक अवस्थेत हलायची इच्छा असलेला घटक एकच असतो, म्हणून तिथे क्रमाचा प्रश्नच येत नाही. पहिलं चक्र क्लॉकने जन्माला घातलेलं होतं, ते गेलं. दुसरं जाळ्याचं स्वतःचं होतं, ते राहिलं.

हे दुसरं चक्र हाताने बघायचं असेल तर ७४०४ आयसीतले तीन इन्व्हर्टर (० चं १ आणि १ चं ० करणारे) गोलात जोड. क्लॉक न देता ते आपोआप थरथरतात, रिंग ऑसिलेटर म्हणतात त्याला. प्रत्येकाचा डिले १० नॅनोसेकंद धरला तर एक फेरी ६० नॅनोसेकंदांची. आणि जिवंत पेशीत बघायचं असेल तर एलोविट्झ आणि लाइब्लर यांचा २००० सालचाच रेप्रेसिलेटर वाच. तीन दाबणारी जनुकं गोलात, सोबत चमकणारं प्रथिन. जिवाणू अडीच तासांच्या आसपासच्या फेऱ्यांत उजळत आणि मंदावत राहिले, एका विभाजनाला लागतो त्याहून जास्त वेळ.

थॉमस यांचा आडाखाही पाठ करून ठेव. गोलात दाबण्याच्या खुणा मोज. सम असतील तर एकाहून जास्त स्थिर अवस्थांना वाव, विषम असतील तर कायमच्या फेऱ्यांना. तुझ्या जाळ्यात खुणा दोन. सम. मग तुझं ००–११ चक्र आलं कुठून, हा प्रश्न तिथेच पडायला हवा.

प्रबंधात दोन्ही निकाल लिही, आणि दोन्हीत टिकलेल्यांची वेगळी यादी दे.

ताई, मी मिरजेचा. रेल्वेत सिग्नल खात्यात होतो, रिलेंच्या, म्हणजे विजेने उचलल्या जाणाऱ्या स्विचांच्या, पॅनेलवर केस पांढरे झाले. आमच्याकडे क्लॉक नव्हता. एक रिले उचलला की दुसरा, तो पडला की तिसरा. क्रम चुकू नये म्हणून काही ठिकाणी मुद्दाम सावकाश पडणारे रिले बसवलेले असत. पेशीलाही क्लॉक नाही म्हणता, मग शास्त्रज्ञांनी तो गृहीत धरलाच कशाला?

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. या विषयाचा उगम तुमच्याच पॅनेलमधला आहे. क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या प्रबंधात बूलचं बीजगणित लावलं ते रिलेंच्या सर्किटांना. आणि दोन रिलेंची शर्यत लागली तर काय होईल याचा पद्धतशीर हिशेब डेव्हिड हफमन यांनी १९५४ मध्ये मांडला. क्लॉक नंतर सगळीकडे पसरला तो या शर्यतीच्या कटकटीतून सुटायला. सगळ्यांना सांगायचं, टिक वाजेपर्यंत थांबा, तोवर तुमचं काय ते ठरवून घ्या.

जीवशास्त्रात तो आला सोयीपोटी, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टुअर्ट कॉफमन यांनी १९६९ साली जनुकांची जाळी म्हणून लॉटरी काढल्यासारखी यादृच्छिक जाळी बनवली, प्रत्येक घटकाला दोन इनपुट आणि नियम कुठलाही. सिंक्रोनस धरलं की प्रत्येक अवस्थेनंतर एकच ठरलेली अवस्था येते. अवस्था मोजक्या, तेव्हा कधी ना कधी जुनी अवस्था परत येणारच आणि चक्र पुरं होणार. त्या काळच्या कॉम्प्युटरवर हे जमण्यासारखं होतं. असिंक्रोनसमध्ये प्रत्येक वळणावर फाटे फुटतात, सगळ्या वाटा चालून बघायला मशीनला दम लागतो. सोय घेतली याबद्दल कॉफमनना मी दोष देत नाही, त्यांनी विचारलेला प्रश्न फार मोठा होता. प्रत्येक अट्रॅक्टर म्हणजे पेशीचा एक प्रकार, एक यकृताची, एक स्नायूची, असं ते म्हणाले. आणि जाळं वाढवत नेलं तर अट्रॅक्टरांची संख्या घटकांच्या वर्गमुळाइतकी वाढते, सजीवांतही जनुकं आणि पेशीप्रकार यांचं नातं तसंच दिसतं, असंही.

हे वर्गमूळ तीसेक वर्षं भाषणांतून फिरलं. २००३ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या सॅम्युएलसन आणि ट्रोएन यांनी गणिताने दाखवलं की सिंक्रोनस जाळ्यांत ही संख्या घटकसंख्येच्या कुठल्याही घातापेक्षा वेगाने वाढते. वर्गमूळ दिसत होतं ते कॉम्प्युटरने सगळे अट्रॅक्टर शोधलेच नव्हते म्हणून. आता एवढे अट्रॅक्टर येतात कुठून? जाळ्यात एकमेकांशी संबंध नसलेली दोन वेटोळी असली, तर क्लॉकखाली त्यांच्यातलं अंतर कायम राहतं. एक दोन टिक पुढे असेल तर शेवटपर्यंत दोन टिक पुढे. तीन टिक पुढे असेल तर तो मोजणीत वेगळा अट्रॅक्टर. वेटोळी वाढली की या जोडण्यांचा गुणाकार होतो. २००५ मध्ये क्लेम आणि बोर्नहोल्ट यांनी वेळा किंचित पुढेमागे करून पाहिलं, तर बहुतेक अट्रॅक्टर टिकले नाहीत. त्याच वर्षी ग्राइल आणि ड्रॉसेल यांनी असिंक्रोनस जाळ्यांत संख्या साध्या घाताच्या नियमाने वाढते असं दाखवलं.

क्लॉक धरून केलेलं सगळंच काम वाया गेलं असं मात्र नाही. पावाच्या यीस्टचं पेशीचक्र घेऊन २००४ मध्ये ११ घटकांचं सिंक्रोनस जाळं प्रसिद्ध झालं. २,०४८ अवस्था, सात स्थिर बिंदू, आणि त्यातल्या १,७६४ अवस्था एकाच बिंदूकडे जाणाऱ्या. तो बिंदू म्हणजे विभाजनाआधी पेशी जिथे थांबून राहते ती अवस्था. ते सात बिंदू असिंक्रोनसमध्येही सातच राहणार. पण १,७६४ हा आकडा जपून वापरायचा, कारण असिंक्रोनसमध्ये एकाच अवस्थेतून दोन वेगवेगळ्या बिंदूंकडे वाट निघू शकते. ती अवस्था मग कुणाच्या खात्यात मांडायची?

तुमच्या त्या सावकाश पडणाऱ्या रिलेचं चित्र काढून पाठवलंत तर छापू.

नमस्कार मॅडम. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. चौकटीच्या वहीवर मुलांना 'लाइफ'चा खेळ दिला. आडव्या तीन घरांची पट्टी उभी व्हायला हवी, पुन्हा आडवी. काहींची पट्टी चक्क मरून गेली, काहींची भलतीच पसरली. नियम सगळ्यांनी बरोबर लावलेत, मी तपासले. मग हे काय?

बाई, मुलांनी असिंक्रोनस लाइफ खेळलं, दुसरं काही नाही.

जॉन कॉनवे यांच्या १९७० च्या खेळात जिवंत घराला आठ शेजाऱ्यांपैकी दोन किंवा तीन जिवंत असले तर ते जगतं, रिकाम्या घराला नेमके तीन असले तर तिथे जन्म होतो, आणि हे सगळं एकाच टिकला. ज्या मुलाने डावीकडून सुरुवात केली त्याने आधी टोकाचं घर खोडलं, कारण त्याला एकच शेजारी. ते खोडल्यावर मधल्यालाही एकच शेजारी उरला, उजव्यालाही एकच. गेली पट्टी. ज्याने वरच्या ओळीपासून सुरुवात केली त्याने मधल्याच्या डोक्यावर आधी जन्म नोंदवला. आता टोकांना दोन-दोन शेजारी मिळाले, ती मरेनात, आणि आकृती फुगत गेली. ग्लायडर या तिरक्या सरकत जाणाऱ्या आकृतीचाही असाच विचका होतो. पण दोन बाय दोनचा ठोकळा द्या. प्रत्येकाला तीन शेजारी, बाहेरच्या कुठल्याही रिकाम्या घराला दोनपेक्षा जास्त नाहीत. कुठल्याही क्रमाने गेलं तरी तो हलणार नाही. पहिल्या पत्राच्या उत्तरातला स्थिर बिंदू तो हाच.

पट्टी हवी असेल तर पेन्सिलीने आधी सगळीकडे जन्माला ठिपका आणि मरणाला तिरकी रेघ करायला सांगा, खाडाखोड शेवटी एकदम.

आणि मुलांची वही फेकू नका, मोठ्यांचंही असंच झालंय. १९९२ मध्ये नोवाक आणि मे यांनी चौकटींवर सहकार्य करणारे आणि फसवणारे खेळाडू ठेवले, तर दोघं एकत्र टिकून सुंदर नक्षी उमटली. पुढच्याच वर्षी ह्यूबरमन आणि ग्लान्स यांनी तोच खेळ एकेक चौकट बदलत चालवला आणि फसवणाऱ्यांनी सगळा पट गिळला. नोवाक आणि मंडळींनी १९९४ मध्ये उत्तर दिलं की फायद्यातोट्याचे आकडे वेगळे घेतले तर असिंक्रोनसमध्येही सहकार्य टिकतं. दोन्ही बाजूंचं वाचल्यावर मला ह्यूबरमन आणि ग्लान्स यांचा आक्षेप जास्त मोलाचा वाटतो. तो आला नसता तर नक्षीचं श्रेय सहकार्याला गेलं असतं आणि क्लॉकचं नावही कुणी घेतलं नसतं.

हॉपफील्ड यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल हिंटन यांच्यासोबत मिळालं. त्यांचं कृत्रिम न्यूरॉनचं जाळं बूलियनच ना? त्यात सिंक्रोनस चालतं का? (बंगळुरू)

घटक दोनच स्थितींतले, तेव्हा हो. १९८२ च्या मूळ लेखात हॉपफील्ड यांनी न्यूरॉन एकेक करून बदलले, आणि त्यातच त्यांची खुबी आहे. जोडण्यांचं वजन, म्हणजे एकाचा दुसऱ्यावरचा जोर, दोन्ही दिशांना सारखं असेल तर एक न्यूरॉन बदलताना जाळ्याची ऊर्जा (प्रत्येक अवस्थेला दिलेला एक आकडा) कधी वाढत नाही. ऊर्जेच्या पायऱ्या मोजक्या, म्हणून जाळं कुठेतरी थांबतंच. तेच सगळे एकदम बदला, की ही हमी गेली. एरिक गोलेस यांनी १९८० च्या दशकात सिद्ध केलं की तेव्हा फार तर दोन अवस्थांचं चक्र लागतं, त्याहून लांब नाही. वजन उणे ठेवून दोन न्यूरॉन जोडून बघा: पुण्याच्या मुलीचं ००–११ चक्र समोर उभं राहील.

म्हणजे असिंक्रोनस म्हणजे खरं, सिंक्रोनस म्हणजे खोटं, असं समजू का? आणि सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? (कोल्हापूर)

तसं समजू नका. असिंक्रोनसचीही सक्तीच आहे, 'एका वेळी एकच' अशी. शिवाय ०–१ मध्ये एक गोष्ट हरवते. एखादं प्रथिन साठत असताना एका जनुकाला थोड्याने जाग येते, दुसऱ्याला बरंच लागतं. दोन्ही एकाच प्रथिनावर अवलंबून, पण मधला काही काळ पहिलं त्याला १ समजत असतं आणि दुसरं अजून ०. नेहमीच्या असिंक्रोनस जाळ्यात असा मधला काळच नाही, म्हणून पेशीत घडू शकणाऱ्या काही वाटा त्यात दिसतच नाहीत. पोलवे आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये यावर उपाय काढला: घटक वाढत किंवा घटत असताना बाकीच्यांनी त्याला ० वाचावं की १, याची मुभा ठेवायची. वाटा वाढल्या तरी हिशेब उलट सोपा होतो आणि हजारो घटकांची जाळीही हाताळता येतात, हे मला पहिल्यांदा वाचताना पटलं नव्हतं, सिद्धता बघितल्यावर पटलं.

शिकायला जिनसिम घ्या. फुकट आहे, जाळं माउसने काढता येतं, सिंक्रोनस की असिंक्रोनस ते निवडता येतं आणि फाटे चित्रात दिसतात. आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर बूलनेट. कुठलं जनुक किती वेगाने चालू-बंद होतं याची मोजमापं हातात असतील तर पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटचं माबॉस, ते खऱ्या वेळेत चालतं आणि शक्यता देतं. मोजमापं नसताना त्यात मनाचे वेग भरू नका, त्यापेक्षा जिनसिम बरं.